बिल्ला नंबर एक्केचाळीस

१९७३ सालचा फेब्रुवारी, तिसरा रविवार. सकाळच्या उपासनेआधी मी चर्चच्या खजिनदाराला तीन रुपये देऊन पावती घेतली. लग्नाची सूचना तीन रविवार वाचायची आणि प्रत्येक वाचनाचा एक रुपया द्यायचा, अशी आमच्या मंडळीची पद्धत होती. आधीच्या दोन वाचनांचे राहिलेले धरून तीन. हजर होते ते असे: पाळकसाहेब, खजिनदार, मी, माझी पत्नी, जिचं लग्न ती आमची मुलगी, बेलापूरहून पहाटेच्या एस.टी.ने आलेले मुलाचे वडील, आणि पहिल्या बाकाच्या उजव्या टोकाला माझे वडील. त्यांना घरात सगळे आबा म्हणत. बाकी बाकं निम्मी रिकामी होती. दुष्काळी कामांना सुट्टी बाजारच्या दिवशी मिळे, रविवारी नाही, त्यामुळे पुष्कळ मंडळी खडी फोडायला गेलेली असत.

पाळकसाहेबांनी सूचना तिसऱ्यांदा वाचली. या दोघांनी विवाहात एकत्र येऊ नये असं कारण कोणाला ठाऊक असेल तर त्यानं आता सांगावं, हे शेवटचं वाक्य मी जन्मभर ऐकत आलो आहे. ते म्हणून झालं की पाळक एक श्वास थांबतात आणि गीताचा नंबर सांगतात. त्या एका श्वासात आबा उभे राहिले.

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "मुलगा माझ्या भावाचा नातू आहे. ही भावकी झाली. लग्न लागत नाही."

मग ते खाली बसले आणि गीताचं पुस्तक उघडून वाट पाहू लागले. पाळकसाहेबांना गीताचा नंबर आठवेना.

हे नीट कळायचं तर आमच्या आडनावाबद्दल सांगायला हवं. पाथर्डीच्या बाजूच्या एका गावावरून ते पडलेलं आहे. एकोणीसशे सालच्या मोठ्या दुष्काळात आबांना त्या गावाहून मिशनच्या अनाथाश्रमात आणलं. तेव्हा ते चारेक वर्षांचे असावेत. आश्रमात ते सुतारकाम शिकले, पुढं तिथंच मुलांना शिकवलं आणि निवृत्त होऊन माझ्याकडं नगरला आले. आई-बापाचं त्यांना काही आठवत नसे. धाकटा भाऊ आठवे, त्याचं नाव मात्र नाही. तो चालायला लागलेला नव्हता. आबा त्याला कडेवर घेत, म्हणजे चार वर्षांचं पोर दीड-दोन वर्षांच्या पोराला ओढत असे. मुलांना न्यायला बैलगाड्या आल्या तेव्हा प्रत्येकाच्या गळ्यात सुतळीनं पत्र्याचा बिल्ला बांधला. आबांचा नंबर एक्केचाळीस. मग एका बाईनं भावाला त्यांच्याकडून घेतलं आणि दुसऱ्या गाडीत दिलं. आबा रडायला लागले तेव्हा ती म्हणाली, लहान मुलं नगरला बायांच्या आश्रमात जातात, मोठी झाली की तुमच्याकडं येतील. तो आला नाही. बिल्ला आबांनी हत्यारांच्या पेटीत किकऱ्याशेजारी ठेवला होता.

आणि ते दर वर्षी सुगी झाली की आपल्या गावी जाऊन येत. तिथं त्यांना कोणी ओळखत नसे. "असंल बाबा, लई जन गेली त्या साली," असं म्हणून लोक चहा पाजत. आबा पारावर तासभर बसत आणि परत येत.

एकच आडनाव असल्याचा प्रश्न सोयरीक ठरतानाच निघाला होता. ख्रिस्ती झाल्यावर आमच्या लोकांनी पुष्कळ चाली सोडल्या, पण एका आडनावात लग्न न करण्याची सोडली नाही. मध्यस्थ म्हणाला, "गावावरून पडलेलं आडनाव आहे. एका गावाची सगळी माणसं काय एका बापाची असतात?" ते पटण्यासारखं होतं. मुलगा शाळेत शिक्षक, निर्व्यसनी. आमची मुलगी तेव्हा अध्यापिका विद्यालयात शेवटच्या वर्षाला. दोघांनी एकमेकांना दोनदा पाहिलं होतं, आणि दुसऱ्यांदा पाहून आल्यापासून मुलगी घरात उगीच गाणी म्हणत असे. मुलाच्या घराचा मूळपुरुष अनाथाश्रमातला, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. आम्हीही आमचं सांगितलं नव्हतं. कोणी आपणहून सांगत नाही.

दुसऱ्या वाचनानंतरच्या आठवड्यात मुलाचे वडील देण्याघेण्याचं बोलायला आले होते. आबांनी सहज विचारलं, तुमचे वडील कुठले? ते जरा थांबून म्हणाले, "नगरच्या बायांच्या आश्रमातले. दुष्काळात आणलेले. वारले त्याला चार वर्षं झाली." आबांनी आणखी काही विचारलं नाही. चहा गार होईपर्यंत ते त्या माणसाच्या कानाकडं पाहत राहिले.

रविवारी चर्चमधून घरी आल्यावर माझ्या पत्नीनं विचारलं, "आबा, हे घरात नाही का सांगायचं? चारचौघांत उभं राहायचं होतं?"

"घरात सांगितलं असतं तर तुम्ही मला गप्प बसवलं असतं."

"बसवलंच असतं."

"मग."

मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "आबा, मी काय करू ते सांगा."

"तू माझ्या भावाच्या घरी जा," आबा म्हणाले. "सुट्टीत जा, राहा, त्यांच्या हातचं खा. पण सून म्हणून नको. नात म्हणून जा." असं म्हणताना त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की मला त्यांच्याकडं पाहवलं नाही. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला भाऊ सापडला होता. तो मेलेला होता, याचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. मुलं होती, नातवंडं होती. मुलीच्या लग्नासाठी ते सागवानी पेटी करत होते. त्या दिवसापासून त्यांनी रंधा खाली ठेवला.

मुलाचे वडील चहा न घेताच गेले होते. जाताना मला एवढंच म्हणाले, "उपवासाचे चाळीस दिवस लागायच्या आत काय ते कळवा. आमच्याकडं दुसरं स्थळ थांबलेलं आहे." ईस्टरपर्यंतच्या त्या चाळीस दिवसांत आमच्यात लग्न लागत नाही. म्हणजे माझ्या हाताशी दोन आठवडे होते. पाळकसाहेबांचं म्हणणं सरळ होतं. "रक्ताचं नातं असल्याचा पुरावा आणा, नाहीतर नसल्याचा आणा. नुसत्या आठवणीवर मी लग्न लावत नाही आणि मोडतही नाही."

मी खरेदी-विक्री संघात हिशेबनीस होतो. रजा टाकली आणि आधी बेलापूरला गेलो.

मुलाची आजी ओट्यावर रेशनची मिलो, ती परदेशी लाल ज्वारी, निवडत बसली होती. मी सलाम केला. तिनं सुपावरची नजर न काढता पाट दाखवला.

"तुमच्या म्हाताऱ्यानं झकास काम केलं," ती म्हणाली. "माझ्या मालकाला भाऊ दिला. तो जित्ता हुता तवा दिला असता तर बरं झालं असतं. मलाबी जाऊ मिळाली असती, भांडायला."

मी विचारलं, त्यांना भाऊ होता असं ते कधी म्हणाले होते का?

"न्हाई. आई हुती. आईसंगं आल्ता त्यो आश्रमात. ती तिथंच मेली, महिन्याभरात. तिचं तोंड आठवत न्हाई म्हनायचा, पर तिच्या हातातली कथलाची बांगडी आठवायची. दुसरं कुनी न्हवतं. त्यो आन आई."

"त्यांच्या गळ्यात बिल्ला होता का?"

"व्हय, हुता की. ह्या नातवानंच ल्हानपनी विहिरीत टाकला. ज्याचं लगीन, त्यानंच."

"नंबर काय होता?"

"मला आकडा वाचता आला असता तर मी मामलेदारीन झाले नसते व्हय?"

तिचं बोलणं मला खरं वाटलं. पण नगरला येऊन आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बाई नातवासाठी बोलणारच. मीसुद्धा नातीसाठी खोटं बोललो असतो. आई होती म्हणते ना? आमचीही कुठंतरी असेलच."

दुसऱ्या दिवशी आबांच्या आश्रमाच्या गावी गेलो. आश्रम केव्हाच बंद होऊन तिथं शाळा झाली होती. पाळकसाहेबांची चिठ्ठी पाहून मुख्याध्यापकांनी जुनं बाप्तिस्म्याचं पुस्तक काढून दिलं आणि ते वर्गावर निघून गेले. पुस्तकाच्या कडा वाळवीनं खाल्लेल्या होत्या, पण नोंदी शाबूत होत्या. बिल्ल्याचा नंबर, ठेवलेलं नाव, आडनाव, पूर्वीची जात, गाव, वय, शेरा.

एक्केचाळीस नंबर लगेच सापडला. वय चार. आई-बाप मयत. जात ठाऊक नाही. त्याच पानावर आमच्या आडनावाची आणखी सहा मुलं होती. बेलापूरचं घर सोडलं तर आमचं आडनाव दुसऱ्या कोणाला लावलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि इथं एका पानावर सात. त्या सहांच्या जातींचे रकाने मी वाचले. दोन एका जातीची, बाकीची चौघं चार वेगळ्या जातींची. गाव सगळ्यांचं एकच. वयंही मला खटकली. सगळी सम आकड्यांची होती: चार, सहा, आठ. पाच किंवा सात वर्षांचं एकही मूल नव्हतं. म्हणजे कोणीतरी दात पाहून अंदाजानं लिहिलेली. शेऱ्याच्या रकान्यात त्या सहाही मुलांपुढं मयत असं होतं, जुलै आणि ऑगस्टमधल्या तारखांसह. आबांना हे आडनाव आपलं एकट्याचं का वाटत होतं, ते मला तिथं कळलं. त्यांच्या आश्रमातली ते धारण करणारी बाकीची सगळी पहिल्याच पावसाळ्यात गेली होती.

पण एका गावातल्या पाच जातींच्या मुलांचं आडनाव एक कसं, ते मला सुटेना. तेच डोक्यात घेऊन मी फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत उभा राहिलो. फाट्याला लागून पाझर तलावाचं काम चाललं होतं. सातआठशे माणसं असतील. बायका ओळीनं बसून खडी फोडत होत्या, आणि त्या आवाजानं बोलणं ऐकू येत नव्हतं. सावली फक्त मुकादमाच्या मांडवाची होती, म्हणून मी तिथं जाऊन उभा राहिलो. तो नवीन आलेल्यांची नावं हजेरीपटावर घेत होता. एक बाई पुढं आली. तिच्या पदराला धरून पाचसहा वर्षांची मुलगी होती.

"गाव?" मुकादमानं विचारलं.

"आष्टीकडलं, दादा."

"मंग आष्टीला जा की."

"तितं काम न्हाई."

"भाईरचं गाव लिवलं की सायेब नाव काटतो. हितलंच लिवतो. कुनी इचारलं तर हितली हाय म्हनायचं."

"लिवा की. गाव घिऊन काय करायचं? पगार द्या म्हंजे झालं."

"पोरीचं नाव?"

"माझी न्हाई ती."

मुकादमानं मान वर केली.

"कालधरनं माझ्या मागं मागं हिंडतीया," बाई म्हणाली. "बोलत न्हाई काय. कुनाची हाय कुनास ठावं. माझ्या नावाखालीच लिवा, सुकडी तरी मिळंल खायला तिला."

"मंग हिचंबी गाव हेच?"

"दुसरं कुटलं लिवनार?"

त्यानं लिहिलं. मी मागंच उभा होतो, मला पट दिसत होता. पान भरत आलं होतं आणि गावाच्या रकान्यात पहिल्या ओळीत गावाचं नाव लिहून खाली सगळ्या ओळींत दोन दोन रेघोट्या मारलेल्या होत्या. वरीलप्रमाणे.

एस.टी. आली तेव्हा मला आमचं आडनाव सुटलं होतं. पाथर्डीकडचं ते गाव कोणाचंच नव्हतं. तिथं एकोणीसशे साली खडीचं काम असणार, कुठून कुठून माणसं चालत आलेली असणार, आणि तिथं जी मुलं मागं उरली त्यांच्या नावापुढं कारकुनानं कामाच्या जागेचं गाव टाकलं. मग आश्रमात त्या गावाचं आडनाव केलं. मुलं लहान होती. त्यांनी ते बापाचं मानलं. आबा ज्या पारावर इतकी वर्षं जाऊन बसत होते, तिथं त्यांचं कोणी जन्मलं नव्हतं. कोणी मेलं असेल तर तेवढंच.

लग्नापुरता हा पुरावा अर्धा होता. आडनाव एक म्हणजे रक्त एक नव्हे, इतकंच त्यातून सिद्ध होत होतं. बेलापूरचे ते गृहस्थ आबांचे भाऊ नव्हते असं होत नव्हतं. त्यासाठी नगरच्या बायांच्या आश्रमाचं पुस्तक पाहायला हवं होतं. ते आमच्याच चर्चच्या लोखंडी कपाटात होतं. शनिवारी दुपारी पाळकसाहेबांनी ते काढून टेबलावर ठेवलं आणि समोर बसले.

बिल्ले गाड्या सुटण्याआधीच वाटलेले होते, म्हणून दोन्ही पुस्तकांचे नंबर एकाच क्रमातले होते. मोठ्या पोरांचे आबांच्या आश्रमात, लहानांचे इथं. बेलापूरच्या गृहस्थांचं बाप्तिस्म्याचं नाव मला माहीत होतं. ते त्रेसष्ट नंबरला मिळालं. वय दोन. शेरा: आईसह. आईची नोंद पुरल्याच्या पानावर होती, महिना भरायच्या आत. आजीनं सांगितलं ते अक्षरशः खरं होतं.

पाळकसाहेब म्हणाले, "झालं तर. पुरावा मिळाला."

मी पुस्तक मिटायला हवं होतं, पण मी बेचाळीस नंबर पाहिला. माणूस एक्केचाळीस वाचतो तेव्हा पुढचाही वाचतोच, निदान माझ्यासारखा तरी. तिथं नावाचा रकाना कोरा होता. गावाच्या रकान्यात ते कामाचं गाव. वयाच्या रकान्यात दोन. शेऱ्यात लिहिलं होतं: ४१ चा भाऊ. बाप्तिस्मा आजारात दिला. पुरलं. तारीख आश्रमात पोहोचल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यातली होती.

पाळकसाहेबांनी पुस्तक आपल्याकडं वळवून वाचलं.  मग म्हणाले, "लग्नाला त्रेसष्ट नंबर पुरेसा आहे. बेचाळीसचं घरी सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी विचारणार नाही."

घरी पत्नीला आधी सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना एवढंच सांगा की बेलापूरचा तो तुमचा भाऊ नव्हता. पोरीचं काम झालं. म्हाताऱ्या माणसाला सत्तर वर्षांनी सुतक कशाला?"

मलाही तेच बरं वाटलं. मी मागच्या पडवीत गेलो. आबा अर्धवट पेटीवर हात ठेवून बसले होते. मी त्यांना त्रेसष्ट नंबरचं सांगितलं. आई सोबत होती, तिची मूठमातीची नोंद आहे, तारीख आहे. त्यांनी ऐकून घेतलं. हरकत काढली नाही. कान मात्र आमच्यासारखे होते, असं एकदा म्हणाले.

मग म्हणाले, "तो नव्हता. मग माझा कुठं गेला?"

मी वाकून खाली ठेवलेला रंधा उचलला.

"बेचाळीस," आबा म्हणाले. "माझ्यानंतर त्याला बांधला. मी पाहिला होता. तू एवढी पानं उलटलीस आणि बेचाळीस वाचला नाहीस? तू बाजारच्या पिशवीतल्या रद्दीचा कागदसुद्धा वाचतोस."

मी सांगितलं. त्यांनी तारीख विचारली. मी म्हणालो, पोहोचल्यावर दुसऱ्या आठवड्यात.

"अर्धी भाकरी मी उशाला ठेवायचो," ते म्हणाले. "तो येईल म्हणून. मुंग्या लागायच्या, साहेब ओरडायचा. मी तरी ठेवायचो. पावसाळा गेला, थंडी गेली, तरी ठेवायचो. पुढं मला भूकच इतकी लागायला लागली की ठेववेना, तेव्हा बंद केली. त्याचं मला आयुष्यभर वाटत आलं. तो आला आणि भाकरी नव्हती तर?"

 त्यांनी पेटीवरचा भुसा फुंकला.

"आणि हा बेलापूरचा, त्रेसष्टवाला. आडनाव आमचं. म्हणजे आमच्याच गावचा ना?"

इथं तरी मी थांबायला हवं होतं का, हे मी पुष्कळदा मनात तपासलं आहे. पण त्यांनी विचारलं होतं. मी पाझर तलावाचा हजेरीपट सांगितला, पानावरची सात मुलं सांगितली, त्यांच्या जाती सांगितल्या. आबा सुतार होते. माप चुकलेलं असलं की त्यांना ते लगेच कळे.

"म्हणजे गाव पण नाही," ते म्हणाले.

"गाव कुठलं ते लिहिलेलं नाही, आबा."

"मग ती माणसं मला चहा कशाचा पाजत होती?"

थोड्या वेळानं त्यांनी मला पेटीला पितळी कडी आणायला सांगितलं. बाजारात सहा इंची मिळते ती नको, चार इंची आण, म्हणाले. रंध्याचा आवाज संध्याकाळपर्यंत येत होता.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे उपवास लागण्याआधीच्या रविवारी, पाळकसाहेबांनी सूचना पुन्हा वाचली. त्या वाचनाचा रुपया घेतला नाही. शेवटचं वाक्य झाल्यावर ते नेहमीपेक्षा जास्त थांबले, आणि सगळी मंडळी पहिल्या बाकाच्या उजव्या टोकाकडं पाहू लागली. आबा चष्मा पुसत होते.

लग्न ईस्टरनंतर लागलं. तेव्हा पाण्याचा टँकर दिवसाआड येई, त्यामुळे जेवण ठेवता आलं नाही. चहा आणि बुंदीचा एकेक लाडू. बेलापूरची आजी मांडवात आबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

"आता तुमास्नी भावजी म्हनू का नको?" तिनं विचारलं.

"म्हणा," आबा म्हणाले. "म्हणायला काय जातंय?"

"तसं न्हाई. पुस्तकात न्हाई म्हनं."

"पुस्तकात बरंच नाही, बाई."

ती हसली, पण आबा हसले नाहीत. निघताना पेटी टेम्पोत चढवली तेव्हा त्यांनी कडी दोनदा वाजवून पाहिली. मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्याआधी घरात गेले.

त्या वर्षी ते सुगीनंतर गावी गेले नाहीत. कुठलंच पीक आलेलं नव्हतं, त्यामुळे सुगीही नव्हती, असं मी पत्नीला म्हणालो. पण कारण तिलाही माहीत होतं. बोलणं कमी झालं. कोणी आडनाव विचारलं की ते फक्त नाव सांगत.

मे महिन्यात एके सकाळी त्यांनी मला कबरस्थानात न्यायला सांगितलं. जुना भाग मागच्या भिंतीकडं होता. तिथं बायांच्या आश्रमातली मुलं पुरलेली, पण एकाही कबरेवर खूण नव्हती. जमीन सपाट होती आणि भेगाळलेली. राखणदार म्हणाला, "बाबा, त्या साली चर खणून पुरलेत म्हनं. हितनं त्या लिंबापतुर समदी तीच." आबा त्या लिंबापर्यंत चालत गेले आणि परत आले. मग भिंतीजवळ एका जागी काठी टेकवली. तीच जागा का, ते मी विचारलं नाही.

तिथून आम्ही पाथरवटाकडं गेलो. आबांनी हातभर लांबीचा काळा दगड निवडला, बोटानं वाजवून. पाथरवटानं छिन्नी खाली ठेवली आणि विचारलं, "नाव काय घालायचं?"

"नाव नाही."

"मग काय घालू?"

आबांनी खिशातून बिल्ला काढून त्याच्यापुढं ठेवला. सुतळीची गाठ अजून तशीच होती. "हा आकडा घाल," ते म्हणाले. "पुढं 'चा भाऊ' लिही. बाकी काही नको."

"तारीख? वचन?"

"नको."

मी पैशांसाठी खिशात हात घातला तेव्हा आबांनी माझं मनगट धरलं. पेन्शनचे पैसे त्यांच्या कोपरीच्या आतल्या खिशात होते. दगडाचे बारा रुपये ठरले. कोरायचे अक्षरी पंचाहत्तर पैसे, आकडेही अक्षरात धरून, अशी पाच अक्षरं: तीन रुपये पंचाहत्तर. आबांनी सोळा रुपये दिले. पाथरवटानं चार आणे परत केले, ते त्यांनी मोजून घेतले. पंधरा रुपये पंचाहत्तर पैसे, पाथरवटाला, रोख.